नदीपात्रातला तलाव: टेम्पेचा हिशेब आणि पंचगंगेचा

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पे नावाच्या वाळवंटी शहरानं कोरड्या नदीच्या पात्रात तलाव बांधला. त्यावर तिथं वर्षानुवर्षं वाद चालू आहे. वाळवंटात एवढं पाणी उघड्यावर ठेवणं ही उधळपट्टी आहे का? आणि तसाच बारमाही तलाव कोल्हापुरात, शिवाजी पुलापासून खाली पंचगंगेत करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आकड्यांत देता येतं, म्हणून आधी ते घेतो.

टेम्पेमधून सॉल्ट नदी जाते. तिच्यावर वर १९११ साली रूझवेल्ट धरण पूर्ण झालं. धरणांत साठवलेलं पाणी शहराच्या अलीकडेच कालव्यांत वळवलं जातं, त्यामुळे खालचं पात्र कोरडं पडलं. म्हणजे पात्रात आज दिसणारा तलाव माणसाचा, आणि त्याआधी दिसणारा वाळू-गोट्यांचा कोरडा पट्टाही माणसाचाच. ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हा विरोधकांचा मुद्दा म्हणूनच अर्धाच लागू पडतो. कोरड्या पात्राला पुन्हा जीव आणायची कल्पना १९६६ साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून पुढे आली. सगळ्या परगण्यासाठीची मोठी योजना करवाढीच्या प्रश्नावर १९८७ च्या मतदानात लोकांनी फेटाळली. मग टेम्पे शहरानं आपल्या हद्दीपुरतं काम केलं. १९९९ च्या उन्हाळ्यात तलाव भरला. सुरुवातीचं पाणी कोलोरॅडो नदीचं, पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या कालव्यातून आलेलं आणि पैसे मोजून घेतलेलं.

तलाव साधारण ३.२ किलोमीटर लांब, क्षेत्रफळ सुमारे २२० एकर म्हणजे ८९ हेक्टर, साठा सुमारे ३७ लाख घनमीटर. आपल्या भाषेत ०.१३ टीएमसी. कोल्हापूरचं राधानगरी धरण ८ टीएमसीच्या वर आहे, त्यावरून आकार लक्षात यावा. फिनिक्स-टेम्पे भागात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन वर्षाला सुमारे १.८ मीटर होतं. ८९ हेक्टरला १.८ मीटरनं गुणलं की वर्षाला १६ लाख घनमीटर येतात, म्हणजे सरासरी रोज ४४ लाख लिटर. जूनमध्ये दिवसाला ९-१० मिलिमीटर पातळी उतरते, तेव्हा हाच आकडा रोज ८०-९० लाख लिटरवर जातो. दरडोई १३५ लिटरनं पाहिलं तर वर्षाची सरासरी ३२-३३ हजार माणसांची गरज भागवते.

आकडा मोठा वाटतो. पण तो ज्याच्या शेजारी ठेवाल त्यावर त्याचा अर्थ ठरतो. आपल्याकडे पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी जातं. १६ लाख घनमीटर म्हणजे सुमारे १८० एकर ऊस. ॲरिझोनात उसाच्या जागी लसूणघास आहे, आणि त्यालाही वाळवंटात जवळजवळ उघड्या पाण्याइतकंच पाणी लागतं. म्हणजे तलाव जितकी जागा व्यापतो तितक्याच जागेतल्या घासाएवढं पाणी तो ‘पितो’. उधळपट्टी म्हणणारे माणसांच्या संख्येत मोजतात, समर्थक शेतीच्या एकरात मोजतात. दोन्ही हिशेब खरे आहेत. वाद मिटत नाही तो यामुळेच.

याहून महत्त्वाची तुलना आपल्या दारात आहे. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं पाणलोटासह गणित करून पाहा. पाण्याचं क्षेत्र शंभर हेक्टरच्या आसपास. कोल्हापुरात उघड्या तळ्याचं बाष्पीभवन वर्षाला दीड मीटरच्या घरात धरलं तर रंकाळ्यातूनही वर्षाला सुमारे १५ लाख घनमीटर पाणी उडून जातं. टेम्पेएवढंच. तरी रंकाळा बुजवा असं कुणी म्हणत नाही, कारण वर्षाला मीटरभर पाऊस थेट पृष्ठभागावर पडतो आणि उरलेलं काठापलीकडून वाहत येतं. टेम्पेत वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. बाष्पीभवन दोन्हीकडे जवळपास सारखं आहे. भरपाई कोण करतं, हा फरक आहे: इथं आभाळ, तिथं नगरपालिकेची तिजोरी. त्यामुळे ‘पाणी उडून जातं’ एवढ्यावर कोणत्याही तलावाला विरोध किंवा पाठिंबा देऊ नये. उडालेलं पाणी कुठून परत येणार, ते कोणाच्या हक्कातलं आहे आणि टंचाईच्या वर्षी ते थांबलं तर काय, हे विचारावं. कोलोरॅडोवर २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यातून पाच लाख एकर-फुटांहून (एकरभर जागेवर फूटभर उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट) जास्त पाणी कापलं गेलं. त्यानंतर असल्या तलावांचा प्रश्न पुन्हा तापला, तो रास्तच होता.

वादात फारसं कुणी न बोललेली गोष्ट म्हणजे क्षार. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कोलोरॅडोच्या पाण्यात लिटरला सुमारे ६५० मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षाला १६ लाख घनमीटर भरपाई म्हणजे हजार टनांहून जास्त क्षार तलावात येऊन बसतात. ते साठलेल्या ३७ लाख घनमीटरमध्ये विरघळले तर दर वर्षी लिटरमागे २८० मिलिग्रॅमची भर. मोठा विसर्ग आला की हे धुऊन जातं. चार-पाच वर्षं विसर्ग आला नाही तर पाणी जड होत जातं, शेवाळाच्या जाती बदलतात, पंपांना आणि लोखंडाला गंज चढतो. असा तलाव आखताना दर काही वर्षांनी पूर्ण पाणी बदलण्याची तरतूद हिशेबात धरलीच पाहिजे.

पाझराचं काम टेम्पेनं नीट केलं. पात्र वाळूचं, त्यामुळे नुसतं पाणी सोडलं असतं तर ते खाली मुरून गेलं असतं. तिथं जमिनीत खोल चर खणून मातीमिश्रित सिमेंटच्या अभेद्य भिंती घातल्या आणि पाझरून जाणारं पाणी विहिरींतून उपसून परत तलावात सोडलं. उपसा चोवीस तास चालतो, म्हणजे विजेचं बिल कायमचं. पाझर मोजायची एक सोपी रीत आहे, ती कोणत्याही तळ्याला लागू पडते. वारा नसलेल्या रात्री सूर्यास्ताला आणि पहाटे पातळी मिलिमीटरपर्यंत वाचायची, त्या वेळात येणारं-जाणारं पाणी बंद ठेवायचं. रात्री बाष्पीभवन फार कमी असतं, त्यामुळे जी घट दिसते ती मुख्यतः पाझराची. अशा आठ-दहा रात्रींची सरासरी काढली की पुढचा अंदाज पक्का होतो.

आणि आता खरा मुद्दा. टेम्पेतला वाद बाष्पीभवनावर रंगला, पण तलाव रिकामा झाला तो बांधामुळे. खालच्या टोकाला हवा भरलेल्या रबरी पिशव्यांचा बांध होता. चार पिशव्या, प्रत्येक सुमारे ७३ मीटर लांब आणि पावणेपाच-पाच मीटर उंच. २० जुलै २०१० च्या रात्री त्यातली एक फुटली. सकाळपर्यंत तलावाचं सुमारे तीन चतुर्थांश पाणी खालच्या कोरड्या पात्रात गेलं. खाली पात्रात कुणी नव्हतं म्हणून जीवितहानी झाली नाही. रबर अपेक्षेपेक्षा लवकर खराब होतंय हे आधीच लक्षात आलं होतं आणि बदलायची बोलणी सुरू होती. म्हणजे दोष माहीत होता, वेळ हातातून गेली.

रबरी बांध का खराब होतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण गयेला फल्गू नदीवर २०२२ साली असाच बांध झाला आणि आपल्याकडेही ‘रबर डॅम’चं नाव अधूनमधून निघतं. पिशवी काँक्रीटच्या पायावर पोलादी पट्ट्या आणि बोल्टांनी आवळलेली असते. वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला ऊन. खालचा भाग तापतो, ओझोन आणि अतिनील किरणांनी रबराला बारीक भेगा पडतात, आतल्या कापडी थरांपर्यंत ओल पोचते आणि ताकद कापडाची जाते. वरून पाण्याचा पातळ पडदा सांडत राहिला तर पिशवी थरथरते, आणि पट्टीजवळची घडी सगळ्यात आधी झिजते. पुरात आलेला ओंडका किंवा लोखंडी तुकडा एका घासात फाडू शकतो. सगळ्यात वाईट म्हणजे ती हळूहळू गळत नाही, एकदम जाते. ऊन कमी, पाणी कायम आणि गाळ-कचरा थोडा असेल तिथं ती चांगली टिकते. वाळवंटात आयुष्य कमी धरायलाच हवं होतं.

टेम्पेनं नंतर रबर सोडून पोलाद घेतलं. २०१६ मध्ये आठ पोलादी दरवाज्यांचा नवा बांध पूर्ण झाला, खर्च ४ कोटी डॉलरच्या वर. प्रत्येक दरवाजा तळाशी बिजागरीवर आणि मागून हायड्रॉलिक सिलिंडरच्या आधारावर. तेलाचा दाब सोडला की तो पात्रात आडवा पडतो. इथं लक्ष ठेवायच्या जागा वेगळ्या: बिजागरीखाली साठणारा गाळ, बाजूच्या रबरी पट्टीची झीज, तेलाची गळती, आणि वीज गेली तरी दरवाजा स्वतःच्या वजनानं पडतो का याची वर्षातून किमान दोनदा चाचणी. जो दरवाजा पडायला वीज लागते, तो पुराच्या रात्री पडणार नाही असंच धरून चालावं.

आता कोल्हापूर. पंचगंगा कोरडी नदी नाही, आणि तिच्यात तलाव करायचा आहे असं म्हणणंही अर्धवट आहे, कारण तो आहेच. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यात बरगे (खांबांमधले गाळे बंद करणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) घातले की नोव्हेंबरपासून मेपर्यंत वर अडलेल्या पाण्याचा फुगवटा उभा राहतो. वरच्या नद्यांवर धरणांतून सोडलेलं पाणी अशाच बंधाऱ्यांच्या रांगेत अडवून उपसा सिंचनाला आणि गावांना दिलं जातं. प्रयाग चिखलीच्या संगमापासून खाली पंचगंगा उन्हाळ्यात एकामागोमाग एक तळ्यांची माळ असते.

टेम्पेला ४ कोटी डॉलर खर्चून जे मिळालं, म्हणजे पुरात बाजूला होणारा आणि कोरड्या काळात उभा राहणारा बांध, ते काम आपल्या जिल्ह्याचं नाव लागलेला ‘कोल्हापूर पद्धतीचा’ बंधारा कित्येक पिढ्या करतोय. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांच्यामधले गाळे, खांबांना खाचा, खाचांत बरगे. जुन्या रीतीत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये चिकणमातीचा भराव. आता बहुतेक ठिकाणी पोलादी बरगे आणि रबरी पट्टी. परतीचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये घालायचे, मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात काढायचे. एक बरगा फुटला तर एका गाळ्याचं पाणी जातं, सगळा साठा एका रात्रीत जात नाही. ही विभागणी म्हणजे मोठी सुरक्षितता आहे.

बिघडतं काय तेही सांगितलं पाहिजे. खाचेत गाळ आणि मुळ्या बसून बरगे अडकतात. काढताना वाकलेला बरगा पुढच्या वर्षी नीट बसत नाही, फटीत पोती आणि प्लॅस्टिक कोंबावं लागतं, ते पुढे नदीत जातं. रबरी पट्टी हरवते. बरगे चोरीला जातात. आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे वळवाच्या पावसाला हलकं धरून बरगे उशिरा काढणं. नदी अडली की ती बंधारा फोडत नाही, बगल फोडते: काठाचा भराव कापून बाजूनं वाट काढते, आणि बंधारा नदीच्या मध्यभागी निरुपयोगी उभा राहतो. म्हणून काठावरचं दगडी अस्तर खांबांइतकंच जपायला हवं.

‘बारमाही तलाव’ म्हणणाऱ्यांना पावसाळ्यातही बांध हवा असतो. इथं माझं मत स्पष्ट आहे: पंचगंगेत ते करू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आडवे पडणारे दरवाजे घेतले तरी त्यांचे खांब, तळाचा काँक्रीटचा उंबरा आणि काठाच्या भिंती पात्राची जागा खातात. नदीचा उतार ५००० ला १ धरला तर बांधाजवळ वाढलेले १० सेंटिमीटर सपाट हिशेबानं अर्धा किलोमीटर वर जातात, आणि प्रत्यक्षात विरत विरत त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत जाणवतात. १० सेंटिमीटर काठाच्या आत काही नाहीत. पण पाणी काठाबाहेर पडून शिवारात पसरलेलं असतं, तेव्हा तेवढ्यानं किती घरांचे उंबरे बुडतात ते चिखली-आंबेवाडीच्या लोकांना विचारावं. शिवाय टेम्पेच्या वर धरणांची रांग आहे आणि विसर्ग ठरवून, आगाऊ कळवून सोडला जातो. आपल्या राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी आली की ते स्वतःच उघडतात. त्यात भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी एकाच वेळी फुगल्या तर शहराला मिळणारा वेळ तासांत मोजावा लागतो. त्या तासांत बंधारा आडवा पाडायचा निर्णय, कामगार, वीज, खालच्या काठाला भोंगा, सगळं जमवून आणणं ही जोखीम घेण्याचं कारण नाही.

दुसरी अडचण पैशाची. टेम्पेत काठावरच्या जमिनी विकसित झाल्या आणि त्या मालकांकडून देखभालीचा वाटा घेण्याची पद्धत ठेवली. तरी सुरुवातीची बरीच वर्षं भार शहरानंच उचलला. पंचगंगेच्या काठी निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरकारनं नकाशावर आखलेल्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला मनाईच आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणजे ‘काठाचा विकास करून तलावाचा खर्च काढू’ हा हिशेब इथं पूररेषा हलवल्याशिवाय जुळत नाही. तो जुळवायला कुणी पूररेषेला हात लावत असेल तर तिथंच विरोध करावा.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. इथं टेम्पेचे क्षार आणि आपला फॉस्फरस यांची जागा एकच आहे: साठवलेल्या पाण्यात जे येतं ते राहतं. शहरी सांडपाण्यात लिटरला साधारण ६ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर एक एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर) सांडपाणी म्हणजे रोज ६ किलो. एक किलो फॉस्फरसवर ओलं शेवाळ ५०० किलोपर्यंत वाढू शकतं. म्हणजे दिवसाला एका एमएलडीमागे तीन टन शेवाळाचं खत. रंकाळ्याचं पाणी हिरवंगार होऊन वास सुटण्यामागे हेच गणित होतं. कारंजी बसवून ते सुटत नाही. कारंजं वरच्या अर्ध्या मीटरला हवा देतं, तळाच्या गाळात प्राणवायू संपलेलाच राहतो आणि तिथून जुना फॉस्फरस पुन्हा वर येतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात ते म्हणूनच: रात्रभर शेवाळानं प्राणवायू खाल्लेला असतो आणि तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलेला असतो.

पंचगंगेत जयंती नाल्याचं पाणी अडवून पंपानं कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात नेतात, दुधाळी नाल्यासाठी १७ एमएलडीचं वेगळं केंद्र आहे. कागदावर क्षमता पुरेशी दिसते. पण उपसा बंद पडला की नाला थेट नदीत, आणि जयंती नाला मिळतो तो राजाराम बंधाऱ्याच्या वरच, म्हणजे त्याच तळ्यात. बंधारा जितका उंच आणि घट्ट, तितका पाण्याचा मुक्काम लांबतो. साठा भागिले रोजची आवक म्हणजे मुक्कामाचे दिवस. तो आठवडा-दहा दिवसांच्या पुढे गेला की शेवाळ धरतं. केंदाळालाही फार वेळ लागत नाही, उन्हाळ्यात दोन आठवड्यांत ते दुप्पट पसरतं.

म्हणून तळं सुंदर करायचं असेल तर पैसा बांधावर न घालता नाल्याच्या तोंडावर घालावा. पंपघरात एक पंप चालू आणि एक राखीव पुरत नाही. सगळ्यात मोठा पंप बंद असतानाही सकाळचा सर्वाधिक प्रवाह उचलता आला पाहिजे. त्याला वेगळा जनरेटर आणि किमान आठ तासांचं डिझेल. जाळीवरचा कचरा दिवसातून दोनदा, पावसाच्या पहिल्या दोन दिवसांत तासातासाला. नाला नदीत ओसंडतो त्या भिंतीवर पातळी नोंदणारं साधं यंत्र बसवावं आणि किती तास ओसंडला याची नोंद महिन्याला चावडीवर लावावी. याला कोट्यवधी लागत नाहीत.

टेम्पेच्याच नदीत, थोडं खाली फिनिक्सच्या हद्दीत, दुसरी वाट निवडली गेली. पाच मैलांच्या पट्ट्यात सुमारे ६०० एकरांवर त्यांनी तलाव न भरता उथळ भूजलाच्या विहिरींवर पाणथळ आणि नदीकाठची देशी झाडं उभी केली. २००५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. नौकानयन होत नाही, पण पूर आला तर झाडं वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. कोल्हापुरात निळ्या रेषेच्या आतल्या रिकाम्या काठासाठी हाच नमुना जवळचा आहे: वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, पाण्याच्या कडेला वाळा आणि लव्हाळा. भिंत आणि फरशी नाही.

तरीही महापालिकेपुढे कुणी बारमाही तलावाचा आराखडा ठेवलाच, तर तो पाहताना पुढच्या गोष्टी मागाव्यात. २०१९ आणि २०२१ च्या पुराची पातळी घालून, बांधासह आणि बांधाशिवाय काढलेला फुगवटा, चिखलीपर्यंत दर २०० मीटरला. बांध एकदम फुटला तर खाली शिरोळकडे पाणी किती वेळात आणि किती उंचीनं पोचतं. जून ते सप्टेंबर रोज किती माणसं आणि कोणत्या अधिकाराच्या सहीनं दरवाजे पाडणार. दर वर्षी गाळ किती बसणार आणि तो काढून कुठं टाकणार. आणि राजाराम बंधाऱ्याच्या फुगवट्यातलं आजचं पाणी, नोव्हेंबर ते मे दर आठवड्याला पहाटे सहाच्या आधी मोजलेल्या प्राणवायूसह. दुपारचा आकडा चालणार नाही. दुपारी उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, त्यामुळे मरणारं तळंही कागदावर निरोगी दिसतं.